वजाबाकीचे चार मार्क

१२ एप्रिल, दुपार

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी पिटुकली म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. तुझी पाठ आणि तुझं शिलाई मशीन, दोघांची कुरकुर थांबली का? तू शिवलेले पडदे खिडकीला चपखल बसले.

मी गणिताचे पेपर तपासतेय. पोरांचे पाढे तोंडपाठ, आकृत्या देखण्या, पण शाब्दिक उदाहरण आलं की सगळ्यांची त्रेधा. एकाने आजोबांचं वय चार वर्षं काढलंय आणि ठसक्यात उत्तराखाली दोन रेघा मारल्यात! बावन्न वजा सत्तावीस? निम्मे म्हणतात पस्तीस. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळे.

परवा एका मुलीचा पेपर आला. उत्तर पंचवीस, बरोबर. पण उसना दशक कुठेच नाही. मी सवयीने लाल पेन टेकवलं, तेवढ्यात समासातलं बारीक अक्षर दिसलं. तिने डावीकडून सुरुवात केली होती. पन्नासातून वीस गेले, तीस. दोनातून सात द्यायला पाच कमी पडले, ते तिसातून काढले. पंचवीस.

मी पेन खाली ठेवलं. तीन आकडी संख्या घेतल्या, चार आकडी घेतल्या. प्रत्येक वेळी जमलं. अंगावर काटा आला गं. अडतीस वर्षं गणित शिकवतेय आणि वजाबाकी मला परवा कळली.

मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या, "नमुना उत्तरात ही रीत नाही. मार्क कापा."

"मग नमुना कच्चा आहे," मी म्हणाले. तासभर हुज्जत घातली. शेवटी त्यांनी स्वतः करून पाहिलं. मुलीला पूर्ण मार्क मिळाले.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष, आणि तू माझ्याच वर्गात. वजाबाकीची तुझी चारही उत्तरं बरोबर, रीत नाही. तू म्हणालीस, "ताई, मी डावीकडून करते, मनात." मी ऐकून घेतलं नाही. भर वर्गात म्हणाले, "शेजारणीचं बघून लिहिलंस." एकतीस मार्कांवर तुला नापास केलं, बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. तू पुन्हा शाळेत आली नाहीस. त्यावर एका शब्दाने कधी बोललीही नाहीस, आणि मी तुझ्या हातचे कपडे अंगावर मिरवत राहिले.

तेरा वर्षांच्या पोरीने एकटीने, कुणी न शिकवता, हे शोधून काढलं होतं. आणि मी तिला चोर ठरवलं. माझं चुकलं, पिटुकले. फार चुकलं.

एकतीस आणि चार, पस्तीस. तू पास होतीस.

तुझ्याकडून वजाबाकी शिकायला रविवारी येतेय. दार उघडशील ना?

तुझी,
उशिरा पेपर तपासणारी ताई