गुरुजींच्या फेऱ्या आणि जीपचा दम

मं. २८ ऑक्टो.
आज परत. नामपूर सोडून पंचवीस मि. झाली आणि जीपचा दम गेला. आधी गचके, मग गप्प. मालेगावला पोचेपर्यंत डायलिसिसचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. गुरुजी दोन तास बाकावर. मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.
संध्याकाळी नाशिकहून त्यांच्या मुलाचा, प्रमोदचा फोन. "भिकादादा, तुमचे उपकार आहेतच. पण आणखी एकदा बंद पडली तर मी दुसरी गाडी लावणार."
त्याचं चूक नाही. पण ज्यांनी मला पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं, त्यांना नेणं माझ्याकडेच राहावं. सात महिने झाले, दर मंगळवार-शुक्रवार.

बु. २९
डिझेल फिल्टर नवा टाकला. टाकी उतरवून धुतली. गाळ चमचाभर. फिरवून आणली तर तेच.
यशवंत मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पंपमाच खोट शे, दादा. उतारनाच पडी." पंप उतरवला की गाडी आठ दिवस उभी. गुरुजींच्या दोन फेऱ्या… नको म्हटलं.

गुरु. ३०
गुरुजींना सांगितलं. म्हणाले, "का बंद पडते ते राहू दे. केव्हा पडते? आणि चालू कशानं होते?"
सांगता येईना.
"मग लिही."
ही वही आता गाडीतच.

शु. ३१
तासभर आधी निघालो. सव्विसाव्या मि. बंद. टाकीचं झाकण उघडून डिझेल बघितलं, फिल्टरवरचा डिझेल चढवायचा हातपंप मारला, चालू. वेळेत पोचलो.
गुरुजी म्हणाले, "प्रमोदनं विचारल्याशिवाय सांगायचं नाही."
"आणि विचारलं तर?"
"तर खोटं बोलायचं नाही. फोन उचलायला उशीर करायचा."

रवि. २ नोव्हें.
सकाळी पूजा झाल्यावर वही चाळली. शुक्रवारी एकदा, काल नुसतं फिरवताना दोनदा. तिन्ही वेळा एकच ओळ: झाकण उघडलं, पंप मारला, चालू. झाकण मी सवयीनं उघडतो, डिझेल आहे का बघायला.
एकटाच निघालो. बंद पडली. आज झाकणाला हात लावला नाही. हातपंप मारून मारून खांदा दुखला. ढिम्म. मग झाकण सैल केलं. टाकीनं मोठा श्वास घेतला, सूंऽऽ! पंप मारला, पहिल्या फटक्यात चालू.
टाकीत हवा जायला वाटच नव्हती. डिझेल पुढे सरकणार कसं?
झाकण सैल ठेवून मालेगावला जाऊन आलो. एकदाही नाही. खात्रीसाठी मुद्दाम घट्ट केलं. पंचवीस मि., बंद. रस्त्यावर एकटाच हसत उभा.

सोम. ३
झाकण डिझेलमध्ये भिजवून खरवडलं. दर दसऱ्याला मी देवीचं नाव घेऊन तेलातला शेंदूर बॉनेटला, स्टेअरिंगला आणि झाकणाला लावतो. गाडी तिथून खाते म्हणून. अकरा दसऱ्यांचे थर. यंदाच्या थरानं हवेचं बारीक भोक पुरतं बुजलं.
आधी हात जोडले, मग सुई घातली. देवीकडे बोट नाही. गाडी श्वास कुठून घेते, ते मी बघायला हवं होतं.
बायको मंगल चुलीजवळून म्हणाली, "यशवंतला तरी सांगू नका कशानं झालं ते. गावभर करेल."
त्यालाच आधी सांगून आलो. हसला नाही. झाकण उलटंसुलटं करून बघत राहिला.

मं. ४
पन्नास मि., एकही गचका नाही. मोठ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. मशीनवर पडल्यापडल्या गुरुजींनी वही वाचली.
"भिका, चौथीत तू गणितात नापास झालास. माझंच शिकवणं कमी पडलं, असं चाळीस वर्षं वाटायचं. आज सुटलो."
परत येताना पाठ ताठ होती. गुरुजींच्या वर्गात पहिल्यांदा पहिला आलो.
रात्री प्रमोदला सगळं सांगितलं. शुक्रवारचंही.
"शेंदरानं गाडी बंद पडते? काहीही, भिकादादा." मग म्हणाला, "शुक्रवारी सकाळी गाडी येईल."

शु. ७
पावणेसात. जीपमध्ये बसून लिहितोय. गुरुजींच्या दारात प्रमोदनं पाठवलेली पांढरी एसी गाडी. तिचा ड्रायव्हर मोबाइल बघतोय. तिच्यामागे मी. इंजिन चालू ठेवलंय, एकसारखा आवाज. कुणीही ऐकावं. हॉर्न वाजवला नाही.
डावीकडचं दार उघडून ठेवलंय.
आतून गुरुजी काठी मागताहेत. आले ओट्यावर. दोन्हीकडे बघताहेत. वही ठेवतो.