ओल्या साच्यावरचे निखारे

१. गेल्या कार्तिकात आमच्या ओतशाळेत नारायण पेठेतल्या एका देवळाची घंटा ओतायची होती.
२. मातीचा साचा आतून ओला होता. मी त्याच्या वाफेच्या भोकाशी थंड पितळी पत्रा धरला. पत्र्यावर दव आले. मी म्हटले, "आज नको."
३. मुख्य कारागीर जयसिंग म्हणाले, "पोरी, मुहूर्त तुझ्या पत्र्यासाठी थांबायचा नाही." वडिलांनी त्यांचे ऐकले.
४. धातूचा रस आत जाताच साचा फुटला. वडील जागीच गेले. जयसिंगांचे डोळे गेले. ती वाफ माझ्या छातीत गेली.

मी कातरीन, पेद्रू ओतारी यांची मुलगी, ख्रिस्ती, वय चोवीस, राहणार पुणे. श्वास अपुरा आहे, बुद्धी पुरी आहे. वैद्य होळीपलीकडचे बोलत नाहीत. म्हणून कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वतःच्या विचाराने माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

राहते घर आत्या इसाबेल हिला द्यावे. माझे लग्न झाले नाही याचे दुःख तिने या घरात पुष्कळ केले. आता घर तिचेच, मोकळेपणाने करावे.

ओतशाळा, भट्टी, मुशी आणि चिमटे चुलतभाऊ पास्कू याला, पण एका अटीवर. अटीचे कारण लिहिणे भाग आहे.

वडील नेहमी बायबलातले एक वचन सांगत: वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, तहानेला असेल तर पाणी दे; तसे केल्याने त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास होईल. ते गेल्यावर मला जयसिंगांखेरीज दुसरा वैरी आठवेना. आमच्या हातचे पाणी त्यांना चालत नाही, म्हणून कोरडा शिधा पाठवला. त्यांच्या पत्नी मुक्ताबाईंनी तो परत आणला. म्हणाल्या, "ते म्हणतात, आंधळा झालोय, भिकारी नाही."

मी पाद्रीबाबांना विचारले, निखारे कशासाठी? ते म्हणाले, "कोणी म्हणतात लाजेसाठी, कोणी म्हणतात शिक्षेसाठी. मला खात्री नाही." मला भट्टीवरचे ठाऊक आहे. ओल्या साच्याभोवती आम्ही निखारे रचतो ते त्याला जाळण्यासाठी नव्हे. आतली ओल निघावी म्हणून. ओल राहिली तर साचा फुटतो आणि जवळच्यांना घेऊन जातो.

मग भूक कशाची, हे पाहिले. जयसिंग रोज ओतशाळेच्या भिंतीबाहेर बसतात आणि भात्याचा आवाज ऐकतात. त्यांना आत कोणी बोलावत नाही.

म्हणून अट अशी: यापुढे कोणताही साचा जयसिंगांनी हात लावून, वाफेच्या भोकाशी गाल धरून "कोरडा" म्हटल्याशिवाय पास्कूने रस ओतू नये. ओल गालाला कळते. त्याला डोळे लागत नाहीत. मुहूर्त टळला तर टळू द्यावा. मुख्य कारागिराचा वाटा त्यांना पूर्ववत मिळावा.

पास्कू म्हणाला, "ज्यानं काकांना मारलं, त्याच्या हाताखाली राबू?"
"हाताखाली नाही. त्यांच्या हातानंतर."
तो गप्प झाला. ती मी संमती धरली आहे.

पितळी पत्रा माझ्याबरोबर पुरावा.

मी जयसिंगांना क्षमा केली, असे कोणी सांगत फिरू नये. त्यांना काका म्हणणे मी सोडले आहे. वचनात खाऊ घालण्याची आज्ञा आहे, तेवढी पाळते. पुढचे निखाऱ्यांनी करावे, त्यांच्या बाजूला आणि माझ्याही.

पुणे, पौष शुद्ध पंचमी, शके १७२२, रौद्रनाम संवत्सर.
सही: कातरीन पेद्रू

साक्षी:
गेनबा, कोळसा पुरवणारे, निशाणी नांगर
श्रीनिवास दीनानाथ, लेखनिक, ज्यांनी हे मोठ्याने वाचून दाखवले

जयसिंग यांस: हा कागद गेनबा आपल्याला लेखनिकाकडून वाचवून ऐकवतील. काम पत्करता की नाही, एवढेच वसंत पंचमीच्या सूर्यास्तापर्यंत कळवावे.