चौकशीला आलेली बाई

बुधवार, ४ मार्च

आलो एकदाचे! चार दिवस रिसॉर्टच्या मऊ गादीवर झोपून पाठ धरली आहे. लेकीच्या मनगटावर तिथली निळी पट्टी अजून आहे, कापू देत नाही. ओल्या टॉवेलांची पिशवी दारातच पडलेली, मी कुलूप उघडतेय, तोवर शेजारच्या काकू बाहेर आल्या. "तुमची चौकशी करायला कुणी आलं होतं हं. दोनदा."

कोण?

"बाई होती. हातात फाइल. नव्या ठिकाणी कधीपासून जाणार, विचारत होती."

मग तुम्ही काय सांगितलंत?

"मी कशाला काय सांगू? सोमवारपासून, म्हटलं. आणि म्हटलं, स्वभावाने जरा कडक आहेत, पण मनाने चांगल्या."

जरा कडक! कुणी विचारलं होतं?

नवरा म्हणतो विमेवाली असेल. विमेवालीला माझ्या रुजू होण्याशी काय करायचंय? सोमवारी मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबची मुख्य म्हणून जायचं आहे. वीस वर्षं लोकांचं रक्त-लघवी तपासून मिळालेली जागा. हॉस्पिटलनेच कुणाला तरी पाठवलं असणार. म्हणजे त्यांच्या कानावर काहीतरी गेलं आहे.

गुरुवार, ५ मार्च

नणंदबाईंना फोन केला. त्या हॉस्पिटलात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्या डॉक्टरांकडे नणंदबाई माझ्याबद्दल काही बोलल्या का, ते आडून आडून विचारलं. पण त्या कसल्या सापडतात! "अगं, सरळ विचार की! मी तुझ्याबद्दल कुणाला काय सांगितलं, हेच ना?" मग हसून — "खाई त्याला खवखवे, बाई!"

फोन ठेवल्यावर वाटलं, यांना माहीत आहे. मग वाटलं, माहीत असतं तर हसल्या नसत्या. मग वाटलं, म्हणूनच हसल्या.

कपड्यांची दोन मशीन लावली. खिशांतून अजून वाळू निघते आहे.

शुक्रवार, ६ मार्च

सुट्टीवर जाण्याआधी हॉस्पिटलचा फॉर्म भरून दिला होता, त्याची प्रत काढून वाचली. अकरावा प्रश्न — आपल्याविरुद्ध कधी चौकशी झाली आहे का? माझं उत्तर — नाही.

हे खरं आहे. चौकशी झाली ती मावशींची, लॅबमधल्या मदतनीस बाईंची. सहा वर्षांपूर्वी, आधीच्या लॅबमध्ये. रक्त मावशी काढायच्या, नळ्यांवर नावाची लेबलंही त्याच लावायच्या. एका सकाळी दोघांची लेबलं उलटसुलट झाली. याचा रिपोर्ट त्याला, त्याचा याला. धडधाकट माणसाने दोन दिवस साखर उतरवायच्या गोळ्या घेतल्या आणि चक्कर येऊन जिन्यात कोसळला. वाचला. मावशींना काढून टाकलं.

त्या सकाळी गर्दी होती. रक्त देताना एका आजींना घेरी आली, मावशी त्यांना धरून बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. लेबलं मी लावली.

लिहिलं. पहिल्यांदाच. त्या वर्षीची वही आत्ता काढून पाहिली — 'लॅबमध्ये गोंधळ. डोकं दुखतंय.' बस! रोजनिशीशीसुद्धा खोटं बोलले मी? खोटं नाही. अर्धं.

मला कुणी विचारलंच नाही. मावशींना विचारलं तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "झालं असेल साहेब, माझ्या हातून." मी तिथेच उभी होते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सांगितलं असतं?

शनिवार, ७ मार्च

भाजी घेऊन येताना जिन्यात काकू भेटल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, दिसायला कशी होती हो ती?

"साधीच. पन्नाशी उलटलेली. भुवईवर भाजल्याचा डाग."

मावशी!

म्हणजे हॉस्पिटल नव्हतंच. सहा वर्षं काही नाही, आणि नेमक्या याच आठवड्यात दोन खेपा? फाइलमध्ये काय आहे? कुणाला दाखवून झालं असेल का? दुपारभर दाराची बेल वाजेल म्हणून बसून राहिले. वाजली तेव्हा इस्त्रीवाला होता, त्याच्यावरच खेकसले.

शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने आधी उठून दार लावलं. मग म्हणाला, "काय पाहिजे असेल तिला?"

माझ्याही मनात दुपारभर हेच होतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि लाज वाटली. नोकरी गेल्यावर मावशींनी काय केलं असेल, कुठे राबल्या असतील, हे सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी. विचारते आहे ते आज, त्या दारापर्यंत आल्यावर!

लेक म्हणते, "आई, तू तिकडे रिसॉर्टवरच बरी होतीस."

रविवार, ८ मार्च

मावशी आल्या नाहीत. पत्ता माझ्याकडे नाही.

हॉस्पिटलच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पहिल्यात 'गर्दीमुळे' होतं, दुसऱ्यात 'अनवधानाने', तिसऱ्यात माझी वीस वर्षांची सेवा. चौथा नुसता रडका. पाचव्यात दोन ओळी — सहा वर्षांपूर्वीची ती लेबलं मी लावली होती. मावशींचा दोष नव्हता.

नवऱ्याने वाचलं. "नोकरी जाईल."

"जाईल."

"रुजू व्हायच्या आधीच! विक्रमच म्हणायचा." मग माझा उद्याचा ड्रेस काढून इस्त्री करत बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पण मला माझाच भरवसा नाही. मावशींनी सांगण्याआधी आपण सांगून मोकळं व्हावं, असा डाव तर नाही ना हा? बेल वाजायची भीती नसती तर हे पत्र लिहिलं असतं? माहीत नाही. पाकीट चिकटवून टाकलं. सकाळी पहिलं काम हेच.

सोमवार, ९ मार्च

पत्राचं पाकीट अजून पर्समध्येच, आणि लॅबच्या दाराशी मावशी. अंगात हॉस्पिटलचा नवा कोट, त्याच्या घड्याही मोडलेल्या नाहीत. मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"दोनदा येऊन गेले हो घरी, मॅडम. मीपण आजच लागले. मुलाखतीत विचारलं, आधीची नोकरी का गेली? म्हटलं, लेबलं चुकली माझ्या हातून, तेव्हापासून दोनदा नाव विचारल्याशिवाय सुई लावत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, चूक कबूल करणारी पहिलीच आलीस. त्याच्यावरच घेतलं बघा मला. आता तुम्ही मध्येच खरं बोलू नका."

मी "बरं" म्हणाले.