विहिणीच्या क्रीडागृहातलं लग्न

तिजानी, थोरल्या बहिणीचा सलाम. आपल्या आईचे, उम्मीचे गुडघे कसे आहेत?

माझ्या लेकीचं, आपल्या दुर्राचं लग्न थाटात लावलं, काळजी नको. तिच्या सासरच्या या समुद्रकाठच्या लोकांना अंगण म्हणजे काय ठाऊक नाही, म्हणून गावच्या क्रीडागृहात. तिथेच हँडबॉल, तिथेच मतमोजणी, तिथेच लग्न. आपला गोठा बरा, तिथे निदान गुरंच असतात! दारातच राखणदार गुरकावला, "मावशी, चपला काढा, फळ्यांवर ओरखडे पडतात." रेशमात नटलेल्या बायका, सगळ्या अनवाणी! वर विहीणबाई नाक वर करून म्हणते, "आमच्याकडे चार हजार माणूस मावतं." म्हटलं, "मग बोलवायचं होतंत की!"

तिचं गणगोत गावच्या संघाच्या बाकांवर बसलं. आपल्याला समोरची, बाहेरून हरायला येणाऱ्यांची बाकं. तिथे मी एकटीच. लग्न तुझ्या अंगणात नाही म्हणून तू रुसून बसलास, आपल्या माणसांनाही घरी बसवलंस ना? बस.

निकाह होताच मी रीतीप्रमाणे जीभ नाचवून आनंदाची आरोळी दिली. त्या मेल्या छपराने ती घुमवून दहा बायकांची केली. दुर्राने चमकून वर पाहिलं. तिला वाटलं, मामाकडची माणसं आली.

उम्मीला सांग, आपली बाकं भरली होती.

तुझी बहीण,
मनूबिया