खोडलेला भाव

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भाव लिहिलेली चिठ्ठी दिसली की मी आधी त्यातला पाच बघते. माझ्या पाचाला खाली लांब शेपूट असायचं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण घराण्यात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या लेकीचा पाच तुम्ही कुठेही ओळखायचात.

परभणीच्या कापड दुकानात मला अक्षरामुळेच ठेवून घेतलं होतं. जयंतीच्या तोंडावर शेठनी सेल लावला. पांढरी लुगडी तोवर बावीसला जात होती. शेठ म्हणाले, चिठ्ठीवर पस्तीस लिही, लाल शाईनं खोड, खाली पंचवीस लिही. पस्तीस कधी नव्हतेच, असं मी चाचरत म्हणाले. ते हसले. "नव्हते म्हणूनच तर खोडायचे, बाई." तुमचा दमा बळावला होता, घरात पगार माझाच. काळी शाई वाळेपर्यंत थांबून, पट्टी लावून, मी नीट खोडले.

चार दिवसांनी तुम्ही पेडगावहून वस्तीतल्या बायकांना घेऊन दुकानात येता. जयंतीला सगळ्याजणी नवं पांढरं नेसणार असतात. शेजारची मावशी भाव ऐकून कचरते. तुम्ही चिठ्ठी हातात घेऊन त्या शेपटावर अंगठा फिरवता आणि शेठच्या देखत मला विचारता, "हे तूच लिवलंस ना?"

मी हो म्हणते.

"मग घ्या गं. माजी लेक खोटं लिवत न्हाई."

सगळ्यांनी घेतलं. आईसाठी तुम्हीही घेतलंत.

मावशीच्या जिंतूरच्या बहिणीनं तेच लुगडं, त्याच दुकानातून, महिन्याआधी बावीसला नेलं होतं. जयंतीच्या दिवशी निळ्या झेंड्यापुढे, त्या सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, मावशी तुम्हाला म्हणाली, "दाजी, लेकीचं अक्षर लय म्हाग पडलं की वो." बायका हसल्या. तुम्ही वाकून चपलेतला खडा काढत राहिलात. खडा नव्हता. मी बघत होते.

त्यानंतर तुम्ही पावसाळ्यापर्यंतच होतात. रागावला असतात तर बरं झालं असतं. रोज जेवायला वाढताना मी वाट बघायचे, तुम्ही विचारलं नाहीत. पूर्वी वस्तीत कुणाला कागद आला की तुम्ही त्याला हाताला धरून माझ्याकडे वाचून घ्यायला आणायचात. ते मात्र थांबलं.

ती नोकरी मी पुढेही दोन वर्षं केली. फक्त पाच बिनशेपटाचा काढू लागले.

हे पत्र पाठवायचं कुठे? आणि तुम्ही असतात तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. खरं सांगते आबा, दुकानातला तो 'हो' आला की ती ओळ गाळून मी पुढे वाचलं असतं.