कात्रीचं दार

प्रिय ताई,

परवा मी वस्तीतल्या दारांवर नंबर रंगवायला घेतले, तेवढ्यात इस्त्रीवाल्या काकूंनी माझ्या हातातला ब्रशच हिसकावला. "एक नंबर आमचा. वस्तीत पहिलं घर आम्ही बांधलं."

"आणि पहिलं गळलंही तुमचंच," समोरच्या रिक्षावाल्याने टोला हाणला.

घरांना नंबर नाहीत, म्हणून मागे एकदा अँब्युलन्स गल्लीतून तशीच परत गेली होती. शिलाईवाल्या वहिनीचे दिवस भरत आलेले. म्हणून मी कामाच्या संस्थेतून रंगाचे डबे आणले, तर दोन नंबर घ्यायला कुणी तयारच होईना. शेवटी वहिनीच उंबऱ्यातून ओरडली, "आकडे राहू द्या. माझ्या दारावर कात्री काढा!"

मग काय, सगळ्यांनाच चेव आला. काकूंनी आपल्या दारावर इस्त्री काढली. रिक्षावाल्याने रिक्षा काढली, पण ती म्हशीसारखी दिसते.

आज संध्याकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. मी अँब्युलन्सवाल्याला फोनवर सांगितलं, "म्हशीपासून डावीकडे वळा, इस्त्रीच्या पुढे कात्री." ड्रायव्हर हसला, पण थेट दारात आला. रिक्षावाला शेजारीच उभा होता. तो माझ्याशी अजून बोलत नाही.

"सासरच्यांना पत्ता काय सांगू?" असं म्हणत तू लग्नानंतर त्यांना कधी इकडे आणलं नाहीस. आपल्या दारावर मी तुझी जुनी सायकल काढली आहे. हे पत्र मी टाकणार नाही, उगाच तक्रार वाटेल. फोनवर एवढंच म्हणेन, सगळ्यांना घेऊन सायकल शोधत ये.

तुझी,
धाकटी

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला मुलगी झाली. काकूंनी कात्रीशेजारी एक छोटी कात्री काढली.