मायच्या बेडक्याचा रिपोर्ट

अण्णा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर संशय घेऊन बसले आहे. माय लातुरात दवाखान्यात आहे. जुना खोकला यंदा छातीत उतरला, नाकाला ऑक्सिजन लावलाय. तिच्या बेडक्याचं कल्चर मीच, मी काम करते त्या लॅबमध्ये लावलं. ताटलीत जंतू वाढवायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मोकळं कडं पडतं. मायच्या ताटलीत कडं पडलं ते एकाच चकतीभोवती, तेही अरुंद. बाकी सगळीकडं जंतू खुशाल वाढलेले. मला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. पुन्हा लावलं, तेच आलं. मग नमुना घेणाऱ्या नर्सवर संशय, मग चकत्या जुन्या असतील म्हणून डबी तपासली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, दूधसुद्धा मी दोनदा हुंगते. शेवटी गाडी तुमच्यापाशी येऊन थांबली.

मुदखेडचं आपलं मेडिकल आठवतं. माय तुराट्यांच्या धुरात भाकऱ्या थापते, खोकते, पुन्हा थापते. तुम्ही दुकानातून येताना कात्रीनं पट्टी कापून तीन गोळ्या आणता आणि ताप उतरला की म्हणता, "बास आता, लई गोळ्या चांगल्या न्हाईत." अर्ध्या गावाचा खोकला तुम्ही असाच तीन गोळ्यांवर काढलात. लोक डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि तुम्ही नुसते हसायचात, ते मला कधीच आवडलं नाही. कॉलेजात असताना एकदा मी म्हणाले, अण्णा, कोर्स पुरा द्यावा लागतो. तर भरल्या दुकानात तुम्ही मला झापलंत, दोन बुकं शिकली की बापाला शिकवायला लागली. तो राग अजून गेलेला नाही.

काल डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, एकच औषध उरलंय, त्याचाही भरवसा कमीच. आधी काय काय दिलंय ते खरं सांगा, गरज असेल तर सोबत दुसरं जोडू. त्याआधीच माय मला म्हणाली होती, "यांचं नाव काढू नको तिथं. मेलेल्या माणसाला कशाला गोवून राहिलीस?" मी काढलं. दुकान, कात्री, तीन गोळ्या, सगळं सांगितलं, आणि सांगताना बरं वाटलं. डॉक्टरांनी काही लिहून घेतलं नाही. इतकं जुनं नको, म्हणाले, गेल्या वर्षभरात काय दिलं? काही नाही, म्हणाले मी.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. गेल्या हिवाळ्यात मायला दोनदा असंच झालं. मला रजा मिळेना. मी इथून भारीतली गोळी पाठवली, कशी घ्यायची ते फोनवर सांगितलं आणि तिला बरं वाटताच चौथ्या दिवशी मीच म्हणाले, बास कर आता. आता जे एकच औषध उरलंय, त्याच जातीची ती गोळी. माय बिचारी कुणाला बोलली नाही, मला वाचवायला असेल. उद्या सकाळी त्याच औषधाचं इंजेक्शन, सोबत दुसरं काही न जोडता, सुरू होणार आहे. डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, अण्णा, आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.